ओठांतले बेलपान

"उडी टाकतोस का मी ढकलू?" हौसाक्काने विचारले आणि हातातल्या बांबूचे टोक माझ्या पोटरीला लावले.

मी विहिरीच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर उभा होतो. पाठीला तेलाचा रिकामा, तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा; तो सांभाळणारी सुती दोरी छातीवरून आडवी फिरवलेली; आणि खाली इतके हिरवे, इतके स्वस्थ पाणी की त्यात मी डब्यासकट उलटा दिसत होतो.

"आक्का, थोडा वेळ..."

"सोमवारपास्नं थोडा येळच चाललाय तुझा. उभं ऱ्हाऊन कुणी पवलंय व्हय?"

विहिरीच्या मध्यभागातून एक संथ, समाधानी आवाज आला, "टाका सायेब. पाणी गार हाय, पर मनानं चांगलं हाय."

तो तातोबा सुतारांचा आवाज होता. वयाची सत्तरी ओलांडलेले तातोबा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा स्वतः घडवलेला ओंडका कमरेला बांधून, एखाद्या जुन्या दिवाणावर पडावे तसे पाण्यावर पडलेले असत. ते तिसऱ्या वर्षी पोहायला शिकत होते.

"तू गप रं तातोबा," आक्का म्हणाली. "तीन वरसं एकाच इयत्तेत बसलेल्यानं दुसऱ्याला शिकवू न्हये."

मी हसलो. हसताना माणसाचा तोल सुटतो, हे आक्काला ठाऊक असावे. बांबूचा एक हलका ठोसा बसला आणि मी आकाशासकट पाण्यात पडलो.

ही गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची आहे. मी तेव्हा चोविशीत होतो आणि वारणेच्या काठच्या कुरणवाडी नावाच्या लहानशा गावी पाटबंधारे खात्यात नोकरीला होतो. घाटाच्या दगडी भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवरून सकाळ-संध्याकाळ नदीची पातळी वाचायची आणि ती वर कळवायची, एवढेच माझे काम. मी मूळचा बीडकडचा, पाटोद्याच्या बाजूचा. आमच्या गावी पाणी टँकरने येई. पाणी हंड्यात मावते असाच माझा बालपणीचा समज होता. ते वाहते, वळणे घेते, झाडांच्या सावल्या सोबत घेऊन जाते, हे मी नोकरीला लागल्यावर पाहिले, आणि पाहताक्षणी त्याच्या प्रेमात पडलो. अर्थात दुरून. मी मुळात दुरूनच प्रेम करणारा माणूस होतो.

गावाला मात्र माझी मोठी गंमत वाटे. "सायेब नदी मोजत्यात, पर भिजत न्हाईत," असे सरपंच चारचौघांत म्हणत, आणि मी घाटाच्या पायऱ्यांवरून मान खाली घालून निघून जाई.

मी रुजू झालो त्याच वर्षी त्रिपुरी पौर्णिमेला त्या गावची रीत पाहिली. पलीकडच्या तीरावर महादेवाचे एक लहान देऊळ आहे. त्रिपुरीच्या सकाळी गावातले पोहणारे ओठांत बेलाचे एकेक पान धरून नदीत उतरतात आणि पोहत जाऊन ते पिंडीवर वाहतात. पान हाताने धरायचे नाही, दातांनी चावायचे नाही. नुसते ओठांत मिटून न्यायचे. तोंड उघडले की पान गेले. आणि वाटेत सोबतीच्या नावेला हात लागला, तर तो माणूस त्या वर्षापुरता बाद. बोलण्याची सोय नसलेली ती एकमेव स्पर्धा मी घाटावर उभा राहून पाहिली. दहा-बारा माथी, प्रत्येकाच्या तोंडाशी एक हिरवा ठिपका, आणि सगळीकडे नुसता पाणी कापल्याचा आवाज. गर्दीत कुणाशी चार शब्द बोलायचे टाळणाऱ्या मला वाटले, ही जगातली एकच गोष्ट माझ्यासाठी घडवलेली आहे. पुढच्या त्रिपुरीला मी हे पान पलीकडे नेणार. कुणाला सांगितले नाही. इच्छा मोठी असली की मला ती उच्चारायची लाज वाटते.

पण गुरू केल्यावाचून पोहता येत नाही, आणि गुरूला कारण सांगावे लागते. निम्म्या गावाला हौसाक्काने पोहायला शिकवले होते. साठीच्या घरातली, काटक, काष्टा घालून उसाला पाणी पाजणारी बाई. तिच्या मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर मी जाऊन उभा राहिलो, तेव्हा तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"कशापायी शिकायचं?"

मी पुटपुटलो, "त्रिपुरीला... पान..."

ती हसेल असे वाटले होते. ती हसली नाही. "पुनवंला आजून लई दिस हाईत," ती म्हणाली. "उद्यापास्नं उजाडायला ये. आन् एक कायदा ध्यानात ठेव. ज्याला पवायला आलं त्यानं हिरीला नारळ द्यायचा आन् नदीवर जायाचं. परत हितं उतरायचं न्हाई. शिकल्याला माणूस हिरीत ठिवणं म्हंजी पिकल्याला आंबा आढीत ठिवणं."

अशी आमची ओळख झाली.

त्या सकाळींचे वर्णन करायला मला आजही संकोच वाटतो, कारण त्यांत सांगण्यासारखे काही घडत नसे. उसाच्या पात्यांवरून थंडावा उतरत असे. मी पाण्यात हात मारी, नाकात पाणी जाई, आक्का काठावरून शिव्या घाली.

"आरं, पाण्याला मारू नगंस, त्यानं तुझं काय वंगाळ केलंय?"

"हात थकले, आक्का."

"मग पाय हालीव. देवानं चार दिल्यात, दोन घरी ठिवून आलास काय?"

तातोबा मधूनच डोळे उघडून माझी प्रगती पाहत आणि "झ्याक!" म्हणून पुन्हा मिटत. पाण्यातून वर आल्यावर आक्का भाजलेल्या शेंगा आणि गुळाचा खडा हातावर ठेवी. आम्ही तिघे मोटेच्या बैलांसाठी केलेल्या जुन्या धावेवर बसून शेंगा फोडत असू. बोलणे बहुतेक तातोबांचेच. त्यांनी उभ्या आयुष्यात घडवलेल्या दारांच्या गोष्टी ते सांगत: कुठले दार कुरकुरते, कुठल्या घरच्या सासूने कडी आतून बसवून घेतली आणि सुनेने ती काढून बाहेरून बसवून घेतली. आक्का त्यांना खोटे पाडी. मी ऐके. आयुष्यात प्रथमच मी माणसांत बसून होतो आणि उठून जावेसे मला वाटत नव्हते.

"तातोबा, तुम्हांला पलीकडे जावंसं नाही वाटत?" मी एकदा विचारले.

"पल्याड माझी सासुरवाडी हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "मी कशाला पवत जाऊ?"

श्रावण गेला, गणपती गेले, उसाला तुरे दिसू लागले. हळूहळू पाणी मला ओळखू लागले. मी विहिरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊ लागलो, मग न थांबता गोल फिरू लागलो. याच सुमारास आक्काची एक नवी तऱ्हा सुरू झाली. पूर्वी मी वर आलो की ती डबा सोडून घेई. आता मी पायरीशी पाण्यात असतानाच ती वाकून दोरी सोडी आणि डबा स्वतः उचलून उसाकडे नेई. मला वाटले, वय झाले, बाईला घाई असते.

दसऱ्यानंतर एक दिवस ती भाचीच्या मुलाच्या बारशाला शेजारच्या गावी गेली. जाताना तातोबांवर मला सोपवून गेली, आणि तातोबा नेहमीप्रमाणे डोळे मिटून पडले होते. मी मनसोक्त पोहलो आणि स्वतःच्या स्वतः पायरीवर चढलो. चढतो तर पाठीवर कुणीतरी बसल्यासारखे ओझे. डबा मला मागे ओढत होता. कसाबसा वर येऊन मी दोरी सोडली, डबा उचलला, आणि त्याच्या बुडातून पाण्याची एक बारीक धार माझ्या पायांवर सुरू झाली.

डबा काठोकाठ भरलेला होता. बुडाला खिळ्याएवढे भोक होते. भोकाची कड आत वळलेली होती. म्हणजे ते गंजून पडलेले नव्हते, कुणीतरी बाहेरून ठोकून पाडले होते.

मी बराच वेळ त्या धारेकडे पाहत उभा राहिलो. ज्याच्या भरवशावर मी तरंगत होतो, तो कधीचा बुडालेला होता. किती दिवस, कुणास ठाऊक. म्हणजे मला पोहता येत होते.

आनंदाने ओरडावे, धावत जाऊन घाटावर सांगावे, असा तो क्षण. मी वळून पाहिले. तातोबा पाण्यावर निपचित होते. मी डबा रिकामा केला, तो हळूच उसाच्या बांधावर नेहमीच्या जागी ठेवला, आणि कपडे चढवून कचेरीत निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी आक्का आली. मी मुकाट्याने तोच डबा पाठीला बांधून घेतला आणि पाण्यात उतरलो. मधोमध जाऊन थोडा धापा टाकल्यासारखे केले.

"घाबरू नगंस," आक्का काठावरून म्हणाली. "पाठीला डबा हाय."

"हो ना," मी म्हणालो. "डबा आहे म्हणून बरं."

पांगाऱ्याच्या ओंडक्यावरून खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला.

असे कितीतरी दिवस चालले. पौर्णिमा जवळ येत गेली. घाट धुऊन झाला, नावाडी दगडूमामांनी नाव डांबर लावून उन्हात पालथी घातली. गावातले तरुण नदीवर सराव करू लागले. मी पाणी मोजायला जाई तेव्हा त्यांना पाहत पायऱ्यांवर रेंगाळे. जे मागितले होते ते हाताशी आले होते, आणि मी हात मागे घेऊन उभा होतो.

"पुनवंला उतरणार न्हवं?" आक्काने विचारले.

"अजून तयारी झाली नाही, असं वाटतं."

"घाई कशाला?" तातोबा म्हणाले. "पुनव काय ह्याच वरसाला हाय?"

आक्काने दोघांकडे पाहिले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी पोहून पायरीशी आलो. तिने दोरी सोडली, डबा उचलला. पण त्या दिवशी ती उसाकडे गेली नाही. माझ्या समोर उभी राहिली आणि तिने डबा उंच धरला. धार माझ्या डोक्यावर पडू लागली.

"हे काय हाय?"

"पाणी."

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही बारशाला गेला होता, तेव्हापासून."

"आन् मी म्हनतीया पोरगं येडं हाय, त्याला कळंना!" तिने डबा खाली आपटला. "म्हंजी मी तुला फशीवत हुते, तू मला फशीवत व्हतास, आन् ह्यो म्हातारा दोगांस्नी बगून हासत व्हता."

"मी कुटं हासलो?" तातोबा म्हणाले. "मी पवत हुतो."

"सांदीपान," आक्काने माझे नाव घेतले. ते तिने प्रथमच घेतले असावे. "भ्या वाटतंय आजून?"

"नाही."

"मग पुनवंसाठी आलास, आन् पुनव आल्यावर लपून का बसलास?"

मी पायरीची कड घट्ट धरली होती. वरून उडी टाकायला जेवढा वेळ लागला नव्हता, तेवढा ते एक वाक्य उच्चारायला लागला.

"नारळ दिला की उद्यापासून इथं यायचं नाही ना."

आक्का पायरीवर खाली बसली. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या बरोबरीला आला.

"हितं काय हाय रं? दोन म्हातारी मान्सं आन् शेंगांची फोलपटं."

"मला इथं बरं वाटतं."

"बरं वाटतंय तवरच उठावं," ती सावकाश म्हणाली. "पोट भरल्यावर पानावरनं उठत्यात तसं. मागनं खरकट्यात बसून ऱ्हायाचं न्हाई." मग आवाज चढवून, "उठ! नारळ आणलाय मी. पैलाच आणून ठिवलाय, मुडद्या."

मी नारळ दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला. तो थोडा बुडाला, वर आला, आणि तातोबांच्या बाजूला जाऊन स्वस्थ तरंगू लागला. मी शेंगा न खाताच घरी गेलो.

त्रिपुरीच्या सकाळी घाटावर जागा नव्हती. हलगी वाजत होती. सरपंचांनी मला उघड्या अंगाने रांगेत पाहिले आणि त्यांच्या हातातला पानाचा विडा हातातच राहिला.

"सायेब, तुमी? आज नदी आतनं मोजणार काय?"

लोक हसले. मला उत्तर सुचण्याआधीच पुजाऱ्याने माझ्या ओठांत बेलाचे पान ठेवले, आणि उत्तर देण्याच्या जबाबदारीतून मी मुक्त झालो.

नदी विहिरीसारखी नव्हती. तिला भिंत नव्हती. पहिल्या काही हातांतच गावाचा आवाज मागे पडला. माझ्यापुढची माथी झपाझप पुढे गेली. मी सर्वांत मागे होतो, आणि मला त्याचे काहीच वाटले नाही. कार्तिकातले पाणी वरून उबदार आणि आत गार होते. ऊन तिरपे येत होते. हात मारावा, पुढे जावे. पुन्हा हात मारावा. मधोमध पोचलो असेन, तेव्हा एक गोष्ट जाणवली: माझ्या पाठीवर काही नव्हते. कालपर्यंत पाण्याने भरलेला का होईना, डबा होता. आता नुसते ऊन होते.

ते नीट अनुभवावे म्हणून मी क्षणभर उताणा झालो.

वर आकाश. कानांत पाणी शिरल्यामुळे सारे जग बंद. पान ओठांत उभे होते आणि माझ्या श्वासाबरोबर हलत होते. नदी मला अगदी हलकेच खालच्या अंगाला घेऊन चालली होती, झोपलेल्या मुलाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यावे तशी. पलीकडचे देऊळ, अलीकडचा घाट, सरपंच, खाते, पाटोदा, काहीच कुठे नव्हते. मला कुठेही जायचे नव्हते. इतका सुखी मी त्याआधी कधी झालो नव्हतो.

काठावर मात्र हाहाकार उडाला होता. मला ते पुढे कळले. "सायेब थांबलं! सायेब बुडालं!" घाटावरून लोक मला हाका मारत होते. दगडूमामांनी नाव हाणली. ते जवळ येऊन ओरडले, "सायेब, ठीक हाय न्हवं? ओ द्या!"

कान पाण्याबाहेर काढल्यावर मला शेवटचे दोन शब्द ऐकू आले. पण मी ओ देणार कसा? माझ्या ओठांत पान होते. मी डोळ्यांनी 'ठीक आहे' असे सांगण्याचा प्रयत्न केला. बुडणाऱ्या माणसाचे डोळेही तसेच दिसत असावेत. दगडूमामांनी एका हाताने माझे केस धरले, दुसरा हात काखेत घातला, आणि मला मासळीसारखे नावेत ओढले.

"अहो मामा, मी बुडत नव्हतो!" मी म्हणालो.

पान पडले. ते नावेच्या कडेवरून घरंगळले, पाण्यावर उताणे झाले आणि मी ज्या दिशेला चाललो होतो, त्याच दिशेला निवांत निघून गेले.

घाटावर मला उतरवले तेव्हा सगळे गाव गोळा झाले. कुणी पाठीवर थापा मारून पोटातले नसलेले पाणी काढू पाहत होते. सरपंच खऱ्याखुऱ्या काळजीने म्हणाले, "जाऊ द्या सायेब. कागदावरची नदी येगळी, ही येगळी." गर्दी सारत हौसाक्का पुढे आली. तिने पदराने माझे डोके खसाखसा पुसले आणि हनुवटी धरून चेहरा वर केला.

"दम लागला व्हता?"

"नाही."

"पाय आखडला?"

"नाही."

"भ्यालास?"

"नाही, आक्का."

"मग मधी काय करत व्हतास?"

"काही नाही," मी म्हणालो. खरोखरच काही नाही.

तिने माझ्याकडे निरखून पाहिले. मग तिच्या सुरकुत्या एकेक करून हलल्या आणि ती इतकी मोठ्याने हसली की हलगीवाला थांबला.

"आवं, ह्यो बुडत न्हवता!" तिने घाटाला ऐकवले. "ह्यो रमला व्हता!"

"मधल्या नदीत रमतंय व्हय कोन?" सरपंच म्हणाले.

"मी तीन वरसं रमतोय," मागून तातोबा म्हणाले, "मला न्हाई कुनी केसाला धरून भायेर काढलं."

सगळा घाट हसला. मीही हसलो, आणि माझ्या लक्षात आले की ते माझ्यावर हसत असूनही मी मान खाली घातलेली नाही.

गर्दी पांगल्यावर मी आक्काला विचारले, "आता?"

"आता काय? पार गेला न्हाईस. म्हंजी शिकायचं ऱ्हायलं की." ती लुगड्याचा ओला पदर पिळत होती. "उद्या उजाडायला ये. पर येक ध्यानात ठेव. पुढल्या पुनवंला मधी थांबलास तर मीच बुडवीन."

पुढच्या त्रिपुरीला मी पार गेलो. थांबलो नाही. पान शेवटपर्यंत ओठांत राहिले, मी ते पिंडीवर वाहिले, आणि नावेने पलीकडे आलेल्या सरपंचांनी माझ्या ओल्या खांद्यावर नवा टॉवेल टाकून दोन कौतुकाचे शब्द काढले. मी हात जोडून ते ऐकले. दर वर्षीप्रमाणे पोहणाऱ्यांना परत आणायला नाव आली होती. बाकीचे तरुण पुन्हा पोहत निघाले. मी नावेत बसलो.

मधोमध आल्यावर मी म्हणालो, "दगडूमामा, जरा वल्हं थांबवता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. काही न विचारता वल्हे पाण्याबाहेर काढून मांडीवर आडवे घेतले. त्यावरचे थेंब नदीत पडत राहिले.

"हितंच न्हवं?" थोड्या वेळाने ते म्हणाले.

"जरा खाली," मी म्हणालो.

आणि त्यांनी नाव हलकेच जरा खाली जाऊ दिली.